माहित्या म्हणता का कधी? मग इन्फर्मेशन्स कशाला?

प्रश्न : ताई, मी दहावीपर्यंत मराठी मिडियमला होतो. परवा ऑफिसात मेल टाकला, त्यात इन्फर्मेशन्स आणि ॲडव्हायसेस असं लिहिलं, तर साहेबांनी दोन्ही शब्द लाल करून सगळ्यांना कॉपी ठेवून परत पाठवला. कुठल्या शब्दाला एस लावायचा नाही याची यादी दोनदा पाठ केली, टिकत नाही. काय करू? आणि स्टेशनरीचं स्पेलिंग नक्की कुठलं?

उत्तर : यादी फेकून दे आधी. आणि सगळ्यांना कॉपी ठेवायची खरंच काही गरज नव्हती, असो.

आपल्या मराठीतपण न मोजायचे शब्द आहेत, आपण व्याकरण न शिकता ते बरोबर वापरतो. "मला माहित्या हव्यात" कोण म्हणतं? सामानाचं तेच. एसटीत कंडक्टर विचारतो "डाग किती?", आपण म्हणतो तीन डाग, तीन सामानं नाही म्हणत. इंग्रजीत लगेजचं डिट्टो हेच, थ्री लगेजेस नाही, थ्री पीसेस ऑफ लगेज, आणि पीस म्हणजे आपला डाग नाहीतर नग. फर्निचर, इक्विपमेंट यांनापण नगच लावायचा, एस नाही.

घोळ होतो तो जिथे आपण मोजतो आणि इंग्रजी मोजत नाही तिथे. सल्ला-सल्ले, बातमी-बातम्या आपल्याकडे बिनधास्त चालतं, पण ॲडव्हाइसला एस लागत नाही, आणि न्यूजला शेवटी एस दिसत असला तरी न्यूज इज गुड, आर नाही. तांदूळ संपले म्हणतो, पण राइस इज फिनिश्ड, आर नाही. आणि केस! आपले केस गळतात, अनेकवचनी, म्हणून "माय हेअर्स आर फॉलिंग" तोंडात येतंच, माझ्यापण यायचं. डोक्यावरचे सगळे मिळून हेअर, एकवचन. पण आमटीत एक केस सापडला तर मात्र अ हेअर, तो मोजायचा, कारण तो एकच दिसतो आणि जेवणाची वाट लावतो.

उलटंही आहे. आपली कात्री एक, त्यांची सिझर्स कायम अनेकवचनी, चष्म्याचं तेच, माय ग्लासेस आर ब्रोकन. एक्स्पीरियन्सकडे जरा बघून, नोकरीचा पाच वर्षांचा अनुभव असेल तर एस नाही, ट्रेकला आलेले बरेवाईट अनुभव असतील तर एक्स्पीरियन्सेस चालतं.

ॲडव्हाइसचा अजून एक लोचा म्हणजे सल्ला हे नाम असेल तर स्पेलिंगमध्ये सी आणि उच्चार स, सल्ला देणे हे क्रियापद असेल तर एस आणि उच्चार झ. मेलमध्ये "प्लीज ॲडव्हाइझ" लिहिणार असशील तर एसवालं.

स्टेशनरी : वही-पेनवाली असेल तर शेवटच्या आरवायच्या आधी ई, एन्व्हलपमधला ई. ए घातलास की अर्थ होतो जागचं न हलणारं. दुकानांच्या पाट्यांवर बघ, निम्मी दुकानं जागची न हलणारी आहेत.