कोपनहेगनमध्ये पाच दिवस दिवसभर बाहेरच भटकायचं असेल, तर महागड्या डिझाइन हॉटेलात राहण्यात अर्थ आहे का?

"हॉटेलात फक्त पाठ टेकायला जायचं, मग एवढे पैसे कशाला?" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाकडून मी 2022 पासून दर गणपतीत ऐकते आहे, म्हणून लिहायला बसले.

अर्थ आहे, पण एकाच हॉटेलात. मध्यवर्ती स्टेशनाजवळची, टिव्होली बागेसमोरची ती उंच, चौकोनी, काचेची इमारत. 1960 साली उघडली तेव्हा एसएएस रॉयल, आता रॅडिसन कलेक्शन रॉयल. डॅनिश वास्तुविशारद आर्ने याकोबसेनने इमारतीपासून दाराच्या मुठी, दिवे, काटे-चमच्यांपर्यंत सगळं स्वतः आखलं. अंड्याच्या आकाराची एग आणि हंसासारखी स्वान या त्याच्या खुर्च्या जगभर दिसतात, त्या मुळात याच हॉटेलासाठी 1958 साली घडल्या. बाकी ठिकाणी एक भिंत काळी रंगवतात, वायरीला पिवळे बल्ब लोंबकळत सोडतात आणि त्याला डिझाइन म्हणतात. त्याला मी एक रुपयाही जास्त देणार नाही.

माझे वडील, अण्णा, पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ चाळीस वर्षं कुशनकाम करत होते. सोफे, दवाखान्यातल्या खुर्च्या, टेम्पोच्या सीटासुद्धा. मी आठ वर्षांची असताना एका बंगल्याचं काम घेतलेला इंटिरियरवाला मासिकातून फाडलेलं पान घेऊन आला. त्यावर एग चेअर होती. "अश्शी करून द्या," म्हणाला. अण्णांनी सागाच्या पट्ट्या जोडून सांगाडा उभा केला, त्यावर गोणपाट, काथ्या, फोम आणि वरून चॉकलेटी रेक्झीन. पण जिथे पाठ वळून कानासारखी पुढे येते, तिथे रेक्झीनला चुण्या पडायच्या. चार वेळा उसवलं, चार वेळा पुन्हा चढवलं. दाभण हातात धरून रात्री अकराला दिव्याखाली बसलेले अण्णा मला अजून दिसतात. त्या माणसाने खुर्ची परत पाठवली, मजुरीही बुडवली. खुर्ची पोटमाळ्यावर गेली. अण्णांनी पुन्हा तिचं नाव काढलं नाही.

2022 च्या जूनमध्ये मी कामासाठी माल्म्योला होते आणि अण्णा माझ्याकडे आले होते. माल्म्यो स्वीडनमध्ये असलं तरी ओरेसुंडच्या पुलावरून रेल्वेने पाऊण तासाच्या आत कोपनहेगन येतं. म्हणजे हॉटेलाची गरज नव्हतीच. तरी मी दोन रात्रींची खोली घेतली, साध्या हॉटेलाच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजून. फोनवर दादा म्हणाला, "पुलापलीकडे तुझं घर असताना हॉटेल? अजिंठा बघायला जातात, हॉटेल बघायला कोण जातं? चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना वरणभात हवा, खुर्च्या नकोत."

लॉबीत शिरल्यावर अण्णा खुर्चीत बसलेच नाहीत. आधी तिच्याभोवती दोनदा फिरले. मग गुडघ्यावर बसून खालून बघितलं, बोटाच्या पेराने टकटक केलं, कडेची शिवण अंगठ्याने शेवटपर्यंत चाचपली. हॉटेलातली एक मुलगी लगबगीने आली, काही हरवलंय का विचारायला. मी सांगितलं, हे आयुष्यभर हेच काम करत आलेत. तेव्हा तिने कोपऱ्यातल्या चामड्याच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि ती खुर्ची अण्णांकडे वळवली, चामड्याची शिवण नीट दिसावी म्हणून.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगाडाच नाही गं यात."

खरंच नाही. फायबरग्लास आणि फोमचं एकसंध कवच साच्यातून निघतं, त्यावर कापड किंवा चामडं हाताने शिवून ताणतात. लाकडाच्या पट्ट्यांवर तो बाक येणंच शक्य नव्हतं. याकोबसेनने हा आकार आपल्या गॅरेजमध्ये प्लास्टरचे नमुने करत करत शोधला, हे मी त्यांना सांगितलं. "म्हणजे त्यालाही पहिल्या झटक्यात जमलं नव्हतं," अण्णा म्हणाले, आणि मग बसले.

आता तुमच्या 'दिवसभर बाहेर'बद्दल. जूनमध्ये तिथे साडेचारलाच उजाडतं. दुसऱ्या दिवशी मला जाग आली तर अण्णा खोलीत नव्हते. मी खाली गेले तर ते रिकाम्या लॉबीत त्याच खुर्चीत बसून गोल जिन्याकडे बघत होते. तो जिना वरून पोलादी सळ्यांनी टांगलेला आहे, खालून खांब नाही. तासभर आम्ही दोघंच होतो. म्युझियममध्ये अशा खुर्चीला हात लावू देत नाहीत, आणि बाहेरून लॉबीत डोकावणारा दहा मिनिटांत अवघडून निघतो. पहाटे पाचला ती जागा फक्त तिथे राहणाऱ्याची असते. दादा, मी पैसे मोजले ते त्या तासाचे. अजिंठ्यालाही लोक माणसाच्या हातचं कामच बघायला जातात ना?

एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सगळ्या खोल्या 1960 च्या राहिलेल्या नाहीत. 2018 मध्ये स्पेस कोपनहेगन या स्टुडिओने हॉटेलाला नवं रूप दिलं, ते चांगलंच आहे, पण याकोबसेनच्या मूळ निळ्या-हिरव्या रंगातली, मूळ सामानाची खोली एकच ठेवली आहे, 606. ती आमच्या आवाक्याबाहेर होती, आणि बघू का म्हणून विचारलं तर आत पाहुणे होते. पाचही रात्री तिथे राहू नका. दोन तिथे, तीन वेस्टरब्रो भागात साध्या ठिकाणी. लहान मुलं बरोबर असतील तर हे पैसे टिव्होलीवर खर्च करा. ती बाग 1843 पासून आहे, पण वर्षभर उघडी नसते, तारखा बघून जा. आणि ज्याला खुर्ची म्हणजे फक्त बूड टेकायची सोय वाटते, त्याने स्टेशनजवळचं स्वस्तातलं हॉटेल घ्यावं. त्याला तेच बरं पडेल.

तुमच्या घरात सुतार, शिंपी, गवंडी, कुणीही हाताने काम करणारं माणूस असेल, तर मात्र त्याला बरोबर घेऊन जा. खर्चावरून घरात कोण काय बोलेल याचा विचार नंतर.

पुण्याला परतल्यावर अण्णांनी पोटमाळ्यावरची खुर्ची खाली काढायला लावली. रेक्झीन उसवून झालंय, सागाचा सांगाडा आता हॉलमध्ये उघडा आहे. कानाजवळच्या दोन पट्ट्या त्यांनी कापून टाकल्या आहेत आणि तिथे फायबरचं कवच बसवायचं म्हणून नाना पेठेतल्या एका मोल्डिंगवाल्याकडे त्यांच्या खेपा चालू आहेत. परवा त्यांना घेऊन दादाच गेला होता.