वाचक विचारतात : ऑफिसलाही, सिंहगडालाही

प्रश्न : कोथरूडहून रोज हिंजवडी आणि रविवारी सिंहगडाचा घाट, यासाठी साध्या गिअरच्या सायकलला २५० वॉटचं इलेक्ट्रिक मोटरचं किट बसवतोय. मागच्या चाकातली हब मोटर चालेल का? बॅटरी केवढी घेऊ?

उत्तर : शहरात चालेल, घाटात रडेल. चढावर वेग आठ-दहा किलोमीटरवर आला की हब मोटरला जाणाऱ्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो आणि आतले नायलॉनचे गिअर मऊ पडतात. म्हणून पॅडलपाशी बसणारी मिड-ड्राइव्ह घ्या. ती सायकलचेच गिअर वापरते. चेन मात्र लवकर झिजते. गिअर बदलताना क्षणभर पॅडल सैल सोडा, नाहीतर चेन चढावरच तुटेल.

आता बॅटरी. तुम्ही, सायकल आणि सॅक मिळून १०० किलो धरा. घाटाचा चढ ७०० मीटर धरला, तर १९० वॉट-तास लागतात. मोटरमधली गळती धरून २५०. पायथ्यापर्यंतचे वेगळे. ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास म्हणजे सुमारे ५०० वॉट-तास, तेवढी हवीच. १० वाली पायथ्याशीच निम्मी होईल. वर पोचल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. आधी पिठलं-भाकरी होऊ द्या.

उतारासाठी पुढच्या चाकाला १८० मिलिमीटरचा डिस्क ब्रेक लावा. पावसाळ्यासाठी कनेक्टरच्या अलीकडे वायरला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. मोटरची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटरचीच ठेवा. ती काढलीत तर नोंदणी आणि लायसन्स दोन्ही लागतील.