वाचकांचे प्रश्न : फॉरवर्ड आला की पोरांनी काय करायचं?

प्रश्न : मी पलूस तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये आठवी-नववीला शिकवते. पावसाळा आला की 'धरण फुटलं', 'आज रात्री पाणी शिरणार' असले मेसेज पोरं एकमेकांना सांगत बसतात. म्हणून फेक न्यूजवर एक तास घेतला, तर आता काहीही सांगितलं की 'मॅडम, फेक असेल ते' म्हणतात. शाळेत मोबाईलला बंदी आहे, वेगळा तास मिळत नाही. काय करू?
– एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : मॅडम, मला तुमच्या पत्रातलं ते 'फेक असेल' जास्त काळजीचं वाटलं. आपल्या नदीकाठी काहीच न मानणंसुद्धा महागात पडतं. २००५ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलेलं, आणि बऱ्याच घरांनी तोच आकडा डोक्यात धरलेला, की तेव्हा आपल्या दारात आलं नाही म्हणजे आताही येत नाही, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आणि काहीही मानलं की काय होतं तेही आपल्याच जिल्ह्यात बघितलंय, सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात. पंढरपूरला निघालेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला आणि पोरं पळवणारी टोळी समजून लोकांनी त्यांना मारलं. ते वाचले. २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात असल्याच अफवेनं पाच जणांचा जीव गेला. काहीच न मानणं आणि काहीही मानणं, हे दोन्ही प्रकार पोरांना शेजारी-शेजारी ठेवून सांगा, आठवीच्या पोरांना कळतं.

मग वर्गात 'खरं की खोटं?' हा प्रश्नच बंद करा, कारण त्यावर पोरं नुसता अंदाज ठोकतात. त्याऐवजी विचारा, 'ही गोष्ट पहिल्यांदा कुणाला कळणार?' नदीची पातळी आणि कोयनेचा विसर्ग कुणाला माहीत असणार, तर जलसंपदा विभागाला आणि जिल्हा प्रशासनाला. त्यांच्या निवेदनात तारीख असते, वेळ असते, किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, ते असतं. आयर्विनला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, एवढं पाठ असलेल्या पोराला 'पाणी लय वाढलंय, पळा' या मेसेजमध्ये काय कमी आहे ते लगेच दिसतं. आणि आकडा असला तरी तिथंच थांबायचं नाही, कारण जुन्या वर्षाचा मेसेज तारीख काढून परत फिरवणारे कमी नाहीत, म्हणून तीच गोष्ट दुसरीकडं कुठं सांगितलीय का ते बघायचंच.

एक उदाहरण मात्र नक्की घ्या. २०१९ च्या पुरात घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ फिरत होता. पोरांना विचारा, बहुतेक सगळी फेक म्हणतील. तो खरा होता, पण बेळगाव जिल्ह्यातल्या रायबागचा, आणि कुणी तो 'सांगलीतलं दृश्य' म्हणून पाठवला तर व्हिडिओ खरा आणि मेसेज खोटा. पुराच्या दिवसांत फिरणारं बरंच काही असंच असतं, फोटो खरा पण गाव दुसरं किंवा साल दुसरं. त्यामुळं एआयच्या फोटोत बोटं मोजा वगैरे शिकवण्यात फार वेळ घालवू नका, ती बोटं दरवर्षी सुधारतायत. फोटो कुठला, कधीचा, पहिल्यांदा कुणी टाकला हे विचारायची सवय मात्र कामाला येते.

वेगळा तास कशाला हवा, परिपाठ आहे की! रोज कुणीतरी बातम्या वाचतंच, त्यालाच सांगा की बातमी कुठल्या पेपरातली, कोणत्या तारखेची आणि माहिती कुणी दिली हेही वाचायचं. 'सूत्रांनी सांगितलं' आलं की पोरांनीच थांबवून विचारू दे, कुठली सूत्रं? आठवड्यातून एकदा त्याच बातमीचे दोन-तीन पेपर फळ्याशेजारी लावा आणि मथळे शेजारी वाचायला लावा. मोबाईल लागत नाही. गूगल लेन्सनं जुना फोटो कसा शोधायचा ते कॉम्प्युटर लॅबमध्ये एकदा दाखवलं की पोरं आपल्यापेक्षा फास्ट करतात. आणि केरळात कन्नूर जिल्ह्यानं हे सरकारी शाळांमधून करून दाखवलंय, हे मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. सासऱ्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला औषधाचा मेसेज तिनं सगळ्यांसमोर खोटा ठरवला, घरात अबोला आहे. तिचं चुकलं का?
– एक आई, सातारा

उत्तर : तपासलं ते बरोबरच केलं, त्यासाठी तिला रागावू नका. फक्त ग्रुपवर सगळ्यांदेखत नको होतं, आजोबांना ते लागणारच. पुढच्या वेळी शेजारी बसून 'आजोबा, हे कुणी पाठवलं तुम्हाला, चला आपण दोघं बघू' म्हणायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर दोन बाण दिसले तर तो खूप वेळा फॉरवर्ड झालेला असतो, हे त्यांना तिनंच दाखवू दे. आणि औषधाचं असेल तर तो मेसेज थेट तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, आजोबांना सोबत घेऊन.