आयरिश सोडा ब्रेड आतून गिच्च आणि चवीला साबणासारखा का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कणीक, दही, मीठ, खायचा सोडा सगळं मापात घेतलं, दहा मिनिटं छान मळलं, अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं, मग ओव्हनमध्ये भाजलं. दोनदा केलं आणि दोन्ही वेळा बाहेरून दगड, आतून गिच्च, वर साबणाची चव.

मळलंत तिथे चुकलं. झाकून ठेवलंत तिथे त्याहून जास्त चुकलं.

वाईट वाटून घेऊ नका, मीही हेच केलं होतं. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारच्या आजीबाईंकडून कृती लिहून घेतली, घरी येऊन परातीत पीठ घेतलं आणि सवयीने कणीक तिंबायला लागले. शेवटी तेलाचा हातसुद्धा फिरवला! जे बाहेर आलं त्याने खलबत्त्याचं काम झालं असतं. दुसऱ्या दिवशी आजीबाईंच्या ओट्याशी उभी राहिले. पिठात ताक ओतल्यापासून ब्रेड ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. पोळी चांगली करणाऱ्याचा हात इथे आड येतो, तो आधी बांधून ठेवायला हवा.

कारण साधं आहे. यीस्टच्या पावाला वेळ लागतो आणि हवा धरून ठेवायला पिठात चिवटपणा लागतो, म्हणून तो मळायचा आणि फुगायला ठेवायचा. सोड्याचं तसं नाही. ताकातल्या आंबटपणाशी गाठ पडली की सोडा त्याच क्षणी वायू सोडायला लागतो. तो वायू पिठात आहे तोवर उष्णता मिळाली तर ब्रेड फुगतो. तुम्ही अर्धा तास झाकून ठेवलंत तेव्हा तो फडक्याखालीच निघून गेला. उरला मळून मळून चिवट झालेला गोळा. तो आतपर्यंत भाजणार कसा?

आयर्लंडमध्ये हा ब्रेड रुजला त्यालाही हेच कारण आहे. इथल्या ओलसर, थंड हवेत येणारा गहू मऊ असतो, त्याच्या पिठाला चिवटपणा कमी. यीस्टच्या पावाला ते पीठ फारसं साथ देत नाही, सोड्याला मात्र अगदी सोयीचं. 1830च्या दशकानंतर खायचा सोडा इथल्या स्वयंपाकघरांत पोचला, आणि गरीब घरांत ओव्हन नव्हताच. पीटच्या (दलदलीतून खणून वाळवलेल्या, मातीसारख्या दिसणाऱ्या जळणाच्या) विस्तवावर बिडाचं जड, सपाट बुडाचं भांडं ठेवायचं, त्याला बास्टिबल म्हणतात. आत गोळा, वर झाकण आणि झाकणावरही निखारे. कोकणात धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवायची जुनी रीत तुम्ही ऐकली असेल, तोच प्रकार.

आता ताक. इथे 'बटरमिल्क' म्हणजे मुळात लोणी काढल्यावर खाली उरलेलं आंबट ताक. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, हे नशीब. घरी लोणी काढत असाल तर ते पाणी न घालता बाजूला काढलेलं ताक सर्वांत उत्तम. नसेल तर 300 ग्रॅम दही 100 मिलीलीटर पाण्यात घुसळून घ्या. पण दही आंबट हवं, आदल्या दिवशीचं, जे नुसतं खाताना तोंड वाकडं होतं तसं. तुमची साबणाची चव बहुतेक इथूनच आली. आंबटपणा कमी पडला की सगळा सोडा त्याच्याशी जोडला जात नाही. उरलेला ओव्हनच्या उष्णतेत धुण्याच्या सोड्यात बदलतो, आणि तुम्हाला लागली ती त्याचीच चव. पाकिटातला मसाला ताकाचा प्रकार अजिबात नको. आणि हो, पापडखार म्हणजे खायचा सोडा नव्हे. डबे शेजारी शेजारी असतात म्हणून सांगते.

सोड्याचा चमचा सपाट भरायचा, वरून सुरी फिरवून. आपल्याकडे चमचा म्हणजे डोंगर, तो इथे चालत नाही. सोडा मैद्याबरोबर दोनदा चाळून घ्या, नाहीतर कापल्यावर आत पिवळे-तपकिरी ठिपके दिसतात आणि तो घास नेमका पाहुण्याच्या तोंडी जातो. डबा वर्षभर उघडा पडला असेल तर चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळून बघा. फसफसला नाही तर नवा आणा.

पीठ: चक्कीवरची कणीक एकटी वापरू नका. ती पाणी खूप पिते आणि ब्रेड जड होतो. पहिल्यांदा सगळा मैदा घ्या, मैद्याला नाकं मुरडणाऱ्यांनीसुद्धा. हात बसला की 250 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम कणीक आणि दोन मुठी गव्हाचा कोंडा असं करून बघा. इथला रोजचा ब्राउन ब्रेड भरड पिठाचा असतो, त्याच्या जवळ जाणारी चव येते. ताक थोडं जास्त लागेल.

माप असं: 450 ग्रॅम मैदा, एक सपाट चमचा मीठ, एक सपाट चमचा सोडा (चहाचा चमचा), 350 ते 400 मिलीलीटर ताक. बस. अंडं, साखर, लोणी, शहाजिरं यातलं काही नाही. सतरा मार्चच्या सेंट पॅट्रिक दिवसाला इंटरनेटवर ज्या गोड, बेदाणे घातलेल्या कृती फिरतात, त्या बऱ्याचशा अमेरिकेतल्या. इथेही बेदाण्यांचा ब्रेड करतात, पण रोजचा तो नव्हे.

आधी ओव्हन 220 अंशांवर तापायला ठेवा, निदान पंधरा मिनिटं. तो तापल्याशिवाय ताकाला हात लावायचा नाही. मग रुंद भांड्यात पीठ, मीठ, सोडा एकत्र करून मध्ये खळगा करा आणि बहुतेक सगळं ताक एकदम ओता. एक हात बाजूला. दुसऱ्या हाताची बोटं ताठ, फाकलेली, मांजराच्या पंजासारखी. मधून कडेकडे गोल फिरवत जा. दाबायचं नाही, मुठीत धरायचं नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गोळा ओबडधोबड आणि जरा चिकटच हवा, घावनाच्या पिठाइतका सैल नको आणि पोळीच्या कणकेइतका घट्ट तर नकोच. पीठ भुरभुरलेल्या ओट्यावर टाकून कडा आत सारा, चार सेंटिमीटर जाड थापा, आणि सुरीने अधिक चिन्हासारखी खोल चीर द्या, कडेपर्यंत. आजीबाई म्हणतात, परी बाहेर पडावी म्हणून. खरं म्हणजे मधला जाड भाग भाजला जावा म्हणून, आणि नंतर चार तुकडे सहज मोडावेत म्हणून.

लगेच ओव्हनमध्ये. पंधरा मिनिटं 220वर, मग 200वर अजून पंचवीस ते तीस. बाहेर काढून उलटा करा आणि बुडावर टकटक करा. पोकळ आवाज आला तर झालं, बद्द आला तर पुन्हा पाच मिनिटं आत. मऊ कड आवडत असेल तर फडक्यात गुंडाळून ठेवा, खरपूस हवी असेल तर जाळीवर उघडा. पण गरम असताना कापू नका! तुमच्या गिच्चपणात याचाही हात असू शकतो. निदान पाऊण तास दम धरा.

ओव्हन लहरी असेल तर सरळ तव्यावर करा. उत्तरेकडे अल्स्टरमध्ये हीच रीत आहे. तोच गोळा दोन सेंटिमीटर जाड गोल थापून त्याचे चार त्रिकोणी भाग करायचे, त्यांना 'फार्ल' म्हणतात. बिडाच्या कोरड्या तव्यावर मंद आचेवर एका बाजूने आठ-दहा मिनिटं, मग दुसऱ्या बाजूने तेवढीच, शेवटी कडा उभ्या करून शेकायच्या. अर्ध्या मापाचं पीठ पुरतं. गॅस मोठा केलात तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे, हेही मी करून बसले आहे.

हा ब्रेड दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, त्याला इलाज नाही. तव्यावर लोणी टाकून भाजा. आमच्याकडे त्यावर लसणाची चटणी भुरभुरतात, आणि आता आजीबाईही डबा मागून नेतात.