गहू बंद करूनही सीलिॲकचा त्रास का होतो?

मुलीला सीलिॲक आहे, म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते; तिचा गहू पूर्ण बंद केलाय, तरी पोट अधूनमधून बिघडतंच, असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय स्वयंपाकघरावर. पाव कापलेली सुरी लोण्यात घातली की चुरा तिथेच राहतो, पीठ चाळताना उडून शेजारच्या उघड्या भांड्यात बसतं. सीलिॲकमध्ये त्रास व्हायला एवढंसंही पुरतं. तिची चाळणी, लाटणं, लाकडी चमचे आणि लोण्याचा डबा वेगळाच ठेवा. लाकडाच्या भेगांतलं पीठ धुऊनही नीट निघत नाही.

तांदूळ, मका, डाळी, बटाटे, अंडी, दूध मुळातच ग्लूटेनमुक्त असतात. फसवतात ते माल्ट (तो बहुधा जवाचा) आणि सोया सॉस, ज्यात बहुतेक वेळा गहू असतो. पाकिटावर 'गहू नाही' एवढंच असेल तर थांबा, जव किंवा राय असू शकते. 'ग्लूटेन-फ्री' म्हणजे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकानुसार किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लूटेन.

आणि हो, आई-वडील, भावंडांचीही तपासणी करून घ्या, कारण हा आजार घराण्यात असतो. पण रक्त देण्याआधी त्यांचा गहू बंद करू नका, नाहीतर आजार असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.