गेटपर्यंत जाते आणि परत फिरते

«मी १९ वर्षांची आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या गावातून पुण्याला इंजिनिअरिंगला आले, दहावीपर्यंत मराठी माध्यम. दुसऱ्या सेमिस्टरला एका सरांनी उभं करून प्रश्न विचारला. इंग्रजीत उत्तर देताना मी अडखळले आणि अख्खा वर्ग हसला. दोन मुलं अजून पॅसेजमध्ये माझा तो उच्चार करून दाखवतात. सात आठवडे झाले, सकाळी उठल्यापासून पोटात कालवतं, छाती धडधडते. आवरून निघते, गेटपर्यंत जाते आणि होस्टेलवर परत येते. हजेरी ४८ टक्क्यांवर आलीय. पप्पांनी कर्ज काढून फी भरलीय, घरी कुणालाच माहीत नाही. कॉलेज सोडून गावाकडून बाहेरून पदवी करावी का?»
– गेटवरून परत फिरणारी

बाळा,

गेटवरून वळल्यावर काय होतं ते तू लिहिलेलं नाहीस. दोन-चार मिनिटांत पोट शांत होतं, हात थरथरायचे थांबतात, हायसं वाटतं. बरोबर ना? सगळी गोम तिथे आहे. शरीर त्या क्षणी एक धडा शिकतं: वर्ग धोक्याचा होता, मी वळले म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर घंटा वाजवतं. आधी वर्गाच्या दाराशी, मग जिन्यात, मग गेटवर, आता अंथरुणातच. सात आठवड्यांत तू कमजोर झालेली नाहीस, ही भीती मात्र रोजच्या रोज पोसली गेली. म्हणून भीती गेल्यावर वर्गात जाईन असं ठरवून थांबलीस, तर ती जायची नाही. बेताबेताने आत गेलीस की ती उतरेल.

धडधडीचं आधी सांगते. भीतीची लाट साधारण दहा मिनिटांत सर्वांत वर जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते, कारण शरीर तेवढा जोर फार वेळ टिकवू शकत नाही. तू दर वेळी लाट चढत असतानाच वळतेस, म्हणून ती आपोआप उतरताना तुला कधी दिसलीच नाही. त्या वेळी बऱ्याच जणी मोठमोठे श्वास घेतात आणि त्याने उलट होतं: रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं गरगरतं, आणि आता चक्कर येणार असं वाटून भीती दुप्पट होते. श्वास लहानच ठेव. नाकाने चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. हे गेटवर पहिल्यांदा करून पाहिलंस तर जमणार नाही. आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ होस्टेलच्या खाटेवर बसून सवय कर. उपाशीपोटी चहा-कॉफी बंद, एनर्जी ड्रिंक तर पूर्णच बंद. कॅफिनची धडधड आणि भीतीची धडधड आतून सारखीच लागते. निघण्याआधी केळं, पोहे, काहीतरी पोटात जाऊ दे.

आता पायऱ्या. वही घे आणि कॉलेजमधल्या ज्या ज्या गोष्टींची धास्ती वाटते त्या लिही, प्रत्येकीपुढे ० ते १०० मध्ये आकडा टाक. तुझी यादी साधारण अशी होईल: गेटच्या आत जाऊन बाकावर पंधरा मिनिटं बसणं ३०, रिकाम्या वर्गात बसणं ३५, स्वतःच्या बॅचबरोबर प्रॅक्टिकल ४५, फारसे प्रश्न न विचारणाऱ्या मॅडमचं पूर्ण लेक्चर ५५, हजेरीला मोठ्याने «प्रेझेंट» म्हणणं ६०, त्या सरांच्या तासाला बसणं ८०, त्या सरांना स्वतःहून प्रश्न विचारणं ९५. आकडे तुझे तू टाक. सुरुवात तिसाच्या आसपास कर. एक पायरी तीन-चार वेळा, शक्यतो सलग दिवशी, आणि आकडा निम्म्यावर आला की पुढची. ठरलेल्या वेळेआधी उठायचं नाही, एवढा एकच नियम मोडायचा नाही. फारच झालं तर पाच मिनिटं पाणी पिऊन परत आत ये. बाहेर जाण्याने बिघडत नाही, बाहेरच राहण्याने बिघडतं.

प्रॅक्टिकल मी मुद्दाम लेक्चरच्या आधी ठेवलंय. बॅच लहान असते, हाताला काम असतं, नजरा सर्किटवर किंवा स्क्रीनवर असतात, आणि त्याची हजेरी जर्नल आणि टर्मवर्क (सत्रभराच्या कामाचे गुण) यांत थेट धरली जाते.

एक चूक जवळपास सगळ्यांकडून होते, तीही चांगल्या हेतूने: उशिरा जाऊन गुपचूप मागच्या बाकावर बसायचं. दार वाजतं, सर थांबतात, साठ माना वळतात, म्हणजे ज्याची भीती तेच पुढ्यात. त्यापेक्षा दहा मिनिटं आधी जा. भरलेल्या वर्गात शिरणं अवघड असतं, पण आपण बसलेलो असताना वर्ग भोवती भरत गेला तर तेवढं जड जात नाही. बाक तिसरा किंवा चौथा, कडेचा. शेवटचा नको, तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि दारही जवळ असतं.

कानात इअरफोन, मोबाइलमध्ये डोकं, मनात वाक्यांची उजळणी, हे आधार त्या वेळेपुरते बरे वाटतात, पण मग श्रेय त्यांना जातं: इअरफोन होते म्हणून निभावलं. ते एकेक करून सोड. मैत्रीण सोबत असेल तर पहिला आठवडा दारापर्यंत येऊ दे, मग जिन्यापर्यंत, मग नको. तास चालू असताना लक्ष सारखं आत वळेल: मी कशी दिसतेय, चेहरा लाल झाला का? तेव्हा लक्ष बाहेर काढायला हाताला काम दे. सर बोर्डावर जे लिहितात ते जसंच्या तसं उतरव, समजलं नाही तरी.

इंग्रजीबद्दल. तुला विषय येत नाही असं पत्रात कुठेच नाही, उत्तर इंग्रजीत जुळवताना अडलीस एवढंच आहे. दोन वाक्यं तोंडात बसव. एक, «सर, मिक्स सांगितलं तर चालेल का?» दुसरं, «सर, आय ॲम नॉट शुअर, आय विल चेक.» दुसरं वाक्य म्हणून खाली बसणं हे पूर्ण उत्तर आहे. रोज पाच तांत्रिक शब्द मोठ्याने, खोलीचं दार लावून, दहा वेळा म्हण. अडखळलीस ते बहुधा अशा शब्दांशी असणार, जे फक्त वाचलेले असतात, कधी उच्चारलेले नसतात. वरच्या पायऱ्यांवर पोचलीस की एक छोटा प्रश्न मुद्दाम विचार: «सर, तिसरी स्टेप परत सांगाल का?» विचारण्याआधी कागदावर लिहून ठेव की काय होईल असं वाटतंय, आणि तासानंतर त्याच्याच खाली काय झालं ते लिही. असे आठ-दहा कागद जमले की ते समजुतीच्या शब्दांपेक्षा जास्त काम करतात.

ती दोन मुलं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, ती तुझ्या भीतीच्या खात्यात टाकू नकोस. सतत टिंगल करून एखाद्या विद्यार्थिनीला वर्गाबाहेर ठेवणं युजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगमध्ये येतं. तारीख, जागा, काय म्हणाले, कोण होतं, हे लिहून ठेव आणि तुझ्या जीएफएमना, म्हणजे तुमच्या गटाची जबाबदारी असलेल्या पालक-शिक्षकांना दे. कॉलेजमध्ये अँटी रॅगिंग समिती असते, आणि १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगताही तक्रार करता येते. तू सहन करायला शिकावंस, असा सल्ला मी देणार नाही.

हजेरीचा हिशोब आताच मांड. समज १०० तास झालेत आणि तू ४८ बसलीस. अजून ६० होणार असतील आणि तू एकही चुकवला नाहीस, तरी १६० पैकी १०८, म्हणजे साडेसदुसष्ट टक्के. हजेरीची नेहमीची ७५ टक्क्यांची अट गाठायला १०८ तास उरलेले लागतील. नुसतं बसून हे भरून निघणार नाही, म्हणून कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट बोर्डावर लागायच्या आत जीएफएमना भेट. लिस्ट लागल्यावर तीच गोष्ट सबब वाटते. त्यांना सगळं मन उघडून दाखवायची गरज नाही. एवढं पुरे: «मला सात आठवड्यांपासून तब्येतीचा त्रास आहे, डॉक्टरांना दाखवतेय, कागद आणते. आजपासून प्रॅक्टिकल पूर्ण करते. हजेरीत सवलतीसाठी अर्ज कसा करायचा?» आणि एक विनंती: पुढचे तीन आठवडे वर्गात अचानक उभं करू नये असं त्यांनी संबंधित सरांना सांगावं. मुदत तीन आठवड्यांचीच माग. कायमची सूट मिळाली तर वरच्या पायऱ्या कधीच चढल्या जाणार नाहीत.

तो कागद खराच असू दे. ओळखीच्या डॉक्टरकडून टायफॉइडचं सर्टिफिकेट आणू नकोस. त्रास खरा आहे, त्याचं खरं नाव लिहून मिळतं. सात आठवडे रोज हे होतंय म्हणजे डॉक्टरकडे जायची वेळ झालेलीच आहे. आधी साध्या फिजिशियनकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, दोन्हींच्या बिघाडातही छाती धडधडते. मग मानसोपचारतज्ज्ञ. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केस पेपर काढून दाखवता येतं, खर्च फार नाही. अशा भीतीवर सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धत सर्वांत उपयोगी ठरलेली आहे, आणि वरच्या पायऱ्या तिचाच भाग आहेत. गोळ्या दिल्या तर त्या बहुधा अशा असतील ज्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नकोस, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नकोस. रूममेटकडची शांत झोपेची किंवा धडधड थांबवायची गोळी मात्र घेऊ नकोस. पहिलीची सवय लागते, दुसरी दमा असलेल्याला धोक्याची ठरू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तू सज्ञान आहेस, साध्या उपचारासाठी कॉलेजला किंवा घरी परस्पर कळवलं जात नाही.

रात्री-अपरात्री जीव घुसमटला तर १४४१६ लाव. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलता येतं. आणि जगूच नये असा विचार एकदाही आला, तर पायऱ्या, हजेरी सगळं बाजूला ठेव. त्याच मिनिटाला हा नंबर लाव आणि खोलीत एकटी राहू नकोस.

बाहेरून पदवीचं. इंजिनिअरिंग बाहेरून होत नाही, म्हणजे शाखाच बदलावी लागेल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तिथून पदवी घेणं कमीपणाचं नाही. पण हा निर्णय आज घेतलास तर तो तू घेतलेला नसेल, गेटवरच्या धडधडीने घेतलेला असेल. सेमिस्टर संपेपर्यंत तो प्रश्न बंद ठेव. त्या सरांच्या तासाला चार वेळा बसून झाल्यावरही हा विषय नकोच वाटला, तर खुशाल बदल.

घरी सांग, पण जीएफएम आणि डॉक्टरांना भेटल्यानंतर, म्हणजे काळजीबरोबर तोडगाही कानावर जाईल. दोघं जेवून निवांत असतील तेव्हा फोन कर: «पप्पा, मला वर्गात बसायची फार भीती बसली होती, तास बुडाले. आता ससूनला दाखवलंय, सर मदत करतायत, प्रॅक्टिकल सुरू केलंय. तुमचा राग आला तरी चालेल, पण लपवायचं नव्हतं.» कर्जाचा विषय ते काढतील. तेव्हा माफी मागत बसू नकोस, पुढच्या दोन आठवड्यांत काय काय करणार आहेस ते सांग.

दोन-तीन चांगल्या दिवसांनंतर एक सोमवार येईल आणि तू परत फिरशील. सुट्टीनंतर हमखास होतं. सगळं वाया गेलं समजून आठवडा सोडून देऊ नकोस. त्याच दिवशी दुपारी एक पायरी खाली उतरून तेवढी कर: गेटच्या आत, बाकावर, पंधरा मिनिटं.

तीन आठवड्यांनी वहीतले आकडे मला लिहून पाठव. सुरुवातीचे आणि तेव्हाचे, दोन्ही.