फॉर्म तिचा, ओटीपी तुमचा

पत्र (थोडक्यात): 'मुलीला बारावी सायन्सला ८१ टक्के. आता म्हणते, बीए इतिहास करून पुढे आफ्रिका आणि जगभर विखुरलेल्या आफ्रिकन लोकांचा अभ्यास करणार. जंगलात राहणाऱ्यांचा कसला आलाय इतिहास? इंजिनिअरिंगचा फॉर्म मी परस्पर भरलाय. तिला समजवा.' – एक वडील, छत्रपती संभाजीनगर

पत्र दोनदा वाचलं. 'नातेवाईक काय म्हणतील' तीनदा आलंय. तिला हा विषय का घ्यावासा वाटतो, ते एकदाही नाही. विचारलंत का हो कधी? ८१ टक्क्यांची मला काळजी नाही. अठरा वर्षांच्या मुलीच्या नावानं तिच्या नकळत अर्ज भरला, ही काळजीची गोष्ट. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो म्हणून निर्णय तुमचा होत नाही. तो अर्ज आधी तिला दाखवा.

आता ते 'जंगल'. तुम्ही राहता ते शहर १६१० च्या सुमारास 'खडकी' म्हणून वसवलं मलिक अंबरनं. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, मालक बदलत दख्खनेत आला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा सगळा कारभार त्यानंच हाकला. जमिनीखालच्या नळांतून शहरात पाणी खेळवणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. त्याची कबर खुलदाबादला, तुमच्यापासून तासाभरावर. त्याच्या मायदेशात चौथ्या शतकात अक्सूमचा राजा एझाना स्वतःची सोन्याची नाणी पाडत होता. आणि जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. मुलगी फार लांबचं काही मागत नाहीये.

सीयूईटी ही प्रवेश परीक्षा, पुढे प्राध्यापकीसाठी नेट, हे रस्ते तिला सापडतील. मुंबई विद्यापीठाचं आफ्रिका अभ्यास केंद्र कलिन्याला आहे, दिल्ली विद्यापीठाचा याच विषयाचा विभाग १९५५ चा. नोकरीच्या जाहिराती मात्र या नावानं रोज निघत नाहीत, हे तिलाही स्पष्ट सांगा. म्हणून बीएसोबत एक भाषा हवीच: स्वाहिली, फ्रेंच किंवा पोर्तुगीज. भाषेविना या विषयात दुसऱ्यांनी लिहिलेलंच चघळत बसावं लागतं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आफ्रिकेत ५४ देश आहेत. त्यातला कुठला, आणि का, एवढंच तिनं लिहावं. नुसतं 'आफ्रिका' असं उत्तर आलं, तर तिलाही फैलावर घेईन.